चावी ऑन, करंट गायब!

बेचाळिसाव्या किकनंतर मी मोजणं सोडलं आणि ताईच्या घराच्या पायरीवर जाऊन बसलो. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, उजव्या पोटरीत गोळा आलेला आणि गाडी ढिम्म! गेटपाशी दाजी उभे होते. बोलत काहीच नव्हते, पण चेहरा सगळं बोलत होता... 'पुण्याचा इंजिनीअर!'

आता सांगायला हरकत नाही, पुण्यात माझं काम टेक्निकल सपोर्टचं आहे. हेडफोन लावायचा, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखं करायचं आणि मग अत्यंत नम्रपणे विचारायचं, 'सर, एकदा बंद करून परत चालू करून बघता का?' बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर पार्ट बदलून द्यायचा. नेमकं बिघडलं काय होतं, हे शोधत बसायला वेळ कुणाला आहे? पुढचा कॉल वेटिंगवर असतो ना राव!

तर नांदेड. तरोडा नाक्याजवळ ताईचं घर. तारीख २ ऑक्टोबर २०२१, शनिवार. मी रात्रभर ट्रॅव्हल्सनं प्रवास करून आलो होतो आणि मला अण्णांची गाडी लातूरला न्यायची होती. शंभर सीसीची, फोर स्ट्रोक, नुसती किकवाली. नंबर एमएच-२४, म्हणजे लातूरचा, आणि उभी एमएच-२६ च्या हद्दीत, ती पण दीड वर्षापासून.

झालं होतं असं. अण्णा वीज मंडळात वायरमन. २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या तरी आमच्याकडे आजही 'मंडळ'च म्हणतात. २००६ चा दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी होती. त्या दिवशी ही गाडी घरी आली. तिच्यावर अण्णांनी औसा, निलंगा, चाकूर असं सगळं पालथं घातलं. रिटायर झाल्यावरही लेकीकडे यायचं तर एसटीनं नाही, गाडीवरच. २०२० च्या फेब्रुवारीत असेच नांदेडला आले आणि तिथंच त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालणं आलं आणि शब्द... शब्द गेले असं म्हणता येणार नाही. ते आत कुठंतरी असायचे, बाहेर यायला वेळ घ्यायचे. अण्णांना अॅम्ब्युलन्सनं लातूरला नेलं, पुढच्या महिन्यात लॉकडाऊन लागलं आणि गाडी ताईच्या अंगणात पत्र्याखाली राहिली ती राहिलीच.

माझ्या मते हा विषय संपलेला होता. ऑगस्टमध्ये मी फोनवरून नांदेडच्या एका भंगारवाल्याशी भाव ठरवला. आईला म्हटलं, अण्णांना सांग, गाडी आता कोण चालवणार, उगाच जागा अडवतीये. आईनं सांगितलं. त्या दिवसापासून अण्णा माझ्या फोनवर येईनात. एरवी 'हां... हां...' एवढं तरी करायचे. दोन रविवार गेले, तीन गेले. चौथ्या रविवारी आई म्हणाली, ''अरे, त्यांनी कपाटातून आरसी बुक काढून उशाला ठेवलंय.''

गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षं ऑक्टोबरात संपत होती. पुढं चालवायची तर फेरनोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी गाडी आरटीओत इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते. म्हणजे अण्णांना गाडी भंगारात नको होती. आणखी पाच वर्षं कागदावर जिवंत हवी होती. कशासाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी गपचूप इन्शुरन्स ऑनलाइन भरला आणि तिकीट काढलं.

आणि आता ही बया सुरूच होत नव्हती.

''बॅटरी बसली असंल, दुसरं काय!'' शेवटी दाजींनी तोंड उघडलं. मला ते पटलं. चावी ऑन केली तर न्यूट्रलचा हिरवा दिवा लागत नव्हता, हॉर्न मुका, इंडिकेटर मेलेले. दीड वर्ष उभ्या गाडीची बॅटरी मरणारच. मी नवी बॅटरी आणायला निघणार, एवढ्यात ताई म्हणाली, ''अण्णाला इचार की आधी.''

विचार? अण्णांना? जे 'पाणी' म्हणायला अर्धा मिनिट घेतात?

पण ताईनं तोवर व्हिडिओ कॉल लावलासुद्धा. पलीकडे आईनं फोन धरला होता. अण्णा पलंगावर बसलेले, दाढी वाढलेली. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही, माझ्यामागच्या गाडीकडे बघितलं.

''अण्णा, बॅटरी गेलीय. नवीन टाकतो,'' मी म्हटलं.

''नाय.''

एकदम स्पष्ट! मी, ताई, दाजी, आम्ही सगळे गप्प. अण्णांनी डावा हात वर करून अंगठा आणि बोट फिरवलं. काहीतरी उघडायचं. ''प्ल...'' ''प्लेट?'' मी विचारलं. मान नकारार्थी. ''प्लग,'' आई म्हणाली. मान हलली.

इथं थोडं टेक्निकल होऊ द्या, कारण आपल्यातल्या निम्म्यांचे पैसे याच ठिकाणी वाया जातात. जुन्या किकवाल्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा ठिणगीचा आणि बॅटरीचा काही संबंधच नसतो. किक मारली की इंजिनाबरोबर मॅग्नेट फिरतं, त्याच्या आतल्या कॉइलमध्ये वीज तयार होते, ती सीडीआय नावाच्या काळ्या डबीत साठते. दुसरी एक छोटी कॉइल नेमक्या क्षणी इशारा देते, डबी साठलेला करंट एकदम सोडते, मोठी कॉइल त्याचे दहा हजारांहून जास्त व्होल्ट करते आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. बॅटरी लागते ती हॉर्न आणि इंडिकेटरला. म्हणजे बॅटरी काढून ताईच्या ओट्यावर ठेवली असती तरी ही गाडी सुरू व्हायला हवी होती. मी दुकानात जाऊन हजारभर रुपये मोजून आलो असतो आणि त्रेचाळिसावी किक मारली असती!

प्लग काढला. काळाकुट्ट आणि ओला. ओला म्हणजे पेट्रोल येतंय. पण दीड वर्षाचं पेट्रोल ते, वास वार्निशसारखा. अण्णांनी नाक मुरडून दाखवलं, तेवढ्या खुणेवर मी कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून जुनं सोडून दिलं, टाकी रिकामी केली, भाच्यानं बाटलीतून ताजं आणून ओतलं. मग प्लग कॅपमध्ये बसवून त्याचं लोखंड इंजिनाला टेकवलं आणि किक मारली. (हे करताना प्लग इंजिनाला नीट टेकलेला हवा, अधांतरी ठेवून किक मारली तर सीडीआय उडू शकतो. आणि प्लगच्या भोकाजवळ ठिणगी पाडू नका, तिथून पेट्रोलची वाफ येत असते.)

ठिणगी नाही. निळी नाही, पिवळी नाही, काहीच नाही.

दाजी आता रंगात आले होते. वजिराबादला जाऊन नवा प्लग घेऊन आले. अण्णांनी तो कॅमेऱ्यासमोर धरायला लावला आणि डाव्या हाताचं बोट पुढं-मागं केलं. करवत! मला एकदम आठवलं. लहानपणी अण्णा प्लगची गॅप हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं मोजायचे. ब्लेड आत अडकून सरकलं पाहिजे, ना सैल ना घट्ट. ब्लेडची जाडी साधारण ०.६ मिलिमीटरच्या वर असते आणि या गाडीला लागणारी गॅपही ०.६ ते ०.७. गेज घ्यायला पैसे नव्हते म्हणून नाही, ब्लेड नेहमी खिशात असायचं म्हणून. दाजींच्या पेटीत ब्लेडचा तुकडा निघाला. गॅप बरोबर होती.

नव्या प्लगवरही ठिणगी नाही.

मग कॅप. स्क्रूसारखी फिरवून काढली, वायरचं टोक इंजिनापासून पाच-सहा मिलिमीटर धरलं, किक. नाही. मोठ्या कॉइलचे कनेक्शन काढून पॉलिश पेपरनं घासले, अर्थिंगचा बोल्ट सोडवून गंज खरवडला, परत आवळला. नाही. आठवडाभर आधी 'गुलाब' चक्रीवादळाचा उरलेला पाऊस मराठवाड्यावर कोसळला होता. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले होते, नदीकाठची माणसं हेलिकॉप्टरनं काढली होती. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच लातूरची ही तऱ्हा! सांगायचं म्हणजे, पत्र्याखालच्या गाडीच्या प्रत्येक कपलरमध्ये ओल होती. एकेक काढून, पुसून, उन्हात धरून परत लावला.

एक वाजला. ताईनं पोहे आणले, कुणी खाल्ले नाहीत. एव्हाना मी मनातून हरलो होतो. सीडीआय गेला असेल, किंवा मॅग्नेटची कॉइल जळाली असेल. दोन्ही नवीन टाकू आणि मोकळे होऊ. पार्ट बदलून द्यायचा, सवयच ना!

''का... ळी,'' अण्णा म्हणाले.

''हो अण्णा, प्लग काळा होता. बदलला ना तो.''

''का...ळी...''

''अण्णा, प्लग नवा आहे. बघा, हा बघा—''

''नाय!'' त्यांनी पलंगावर डावा हात आपटला. स्क्रीन हलली. आईचा आवाज आला, ''गप की रे जरा! बोलू दे त्यांना.''

त्यांच्या थेरपिस्ट बाईंनी दीड वर्षापूर्वी आम्हाला एकच गोष्ट बजावून सांगितली होती... त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. शब्द येईपर्यंत थांबा. मी कधीच थांबलो नव्हतो. 'पा' म्हटलं की पाणी, 'चा' म्हटलं की चहा, 'टी' म्हटलं की टीव्ही लावून मोकळा. मला वाटायचं, मी त्यांचा त्रास वाचवतोय. त्या दिवशी पहिल्यांदाच असं झालं की त्यांचं वाक्य पुढं काय आहे, हे मला खरंच माहीत नव्हतं. पूर्ण करायला माझ्याकडे शब्दच नव्हता. मग थांबलो. किती वेळ, माहीत नाही. दाजींनी गेटवरच्या पोराला हातानं गप्प केलं.

''पां... ढरी,'' अण्णा म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग बोटानं हवेत एक सरळ रेष ओढली. ''रेघ.''

काळी वायर. पांढरी रेघ.

सीटखाली सीडीआयच्या डबीकडे जाणाऱ्या पाच वायर. हिरवी म्हणजे अर्थ, काळ्यावर लाल, निळ्यावर पिवळी, काळ्यावर पिवळी, आणि एक... काळ्यावर पांढरी रेघ. अण्णांनी दोन बोटं जोडली आणि लांब केली. ती काढ.

काढली. प्लग इंजिनाला टेकवला. किक.

टिक्! निळी, जाडजूड, दिवसाउजेडी दिसेल अशी ठिणगी. भाचा ओरडला, ताई ओरडली, फोनमधून आई 'काय झालं, काय झालं' करायला लागली. अण्णा मात्र शांत. त्यांना माहीतच होतं जणू.

ही वायर गाडी सुरू करण्यासाठी नसतेच. ती असते बंद करण्यासाठी! चावी ऑफ केली की ही वायर अर्थला जोडली जाते, सीडीआयचा करंट जमिनीत जातो आणि इंजिन थांबतं. चावी ऑन केली की ती मोकळी होते. आमच्या गाडीत ती वाटेत कुठंतरी लोखंडाला टेकली होती. म्हणजे प्लग, कॉइल, सीडीआय, मॅग्नेट सगळं ठणठणीत होतं आणि चावी ऑन असूनही गाडीला वाटत होतं, मालकानं मला बंद केलंय. दीड वर्ष.

मग हेडलाइट उघडला. जागा सापडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ताईकडे पत्र्याखालीच सोयाबीनची पोती होती, पोती म्हणजे उंदीर आले. एका उंदरानं चावीकडून येणाऱ्या वायरींचं प्लास्टिक कुरतडलं होतं आणि काळ्या-पांढरीची उघडी तार ब्रॅकेटला टेकून बसली होती. दाजींनी लगेच चिकटपट्टी काढली. अण्णा ''नाय''. नुसती पट्टी नाही. खराब तुकडा कापायचा, नवा जोडायचा, दोन्ही टोकं एकमेकांवर पिळायची, मग पट्टी. डाव्या हाताची दोन बोटं पिळून त्यांनी ते तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा जमलं. खांबावर चढून ज्यांनी जन्मभर तारा जोडल्या, त्यांच्यासमोर माझा जोड अजून पहिलीच्या पोराच्या अक्षरासारखाच होता, पण चालवून घेतला त्यांनी.

थोडं विषयांतर. तुमच्याकडे सेल्फवाली गाडी असेल तर आधी कान द्या. बटण दाबल्यावर नुसतं कट-कट वाजलं तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिची टर्मिनल सैल आहेत. चांगली भरलेली बॅटरी मीटरवर साडेबाराच्या वर व्होल्ट दाखवते, बाराच्या खाली गेली की समजून जा. काहीच वाजलं नाही तर फ्यूज बघा, क्लच दाबलाय का बघा, साइड स्टँड खाली आहे का बघा आणि मुख्य म्हणजे हँडलवरचा तो लाल किल स्विच बघा. सोसायटीतल्या पोरांचं ते आवडतं खेळणं असतं! माझ्या ऑफिसातल्या एकानं या स्विचपायी टो व्हॅन बोलावली होती, नाव सांगत नाही. सेल्फ गरगर फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर मात्र ठिणगी नाहीतर पेट्रोल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं, बाइक फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. त्यांचा पेट्रोलचा पंपच विजेवर चालतो, तिथं बॅटरी मेली तर अण्णांचं 'नाय' चालणार नाही. चावी ऑन केल्यावर पंपाची बारीक घरघर येते. ती आली नाही तर किका मारून पोटरी दुखवून घेऊ नका.

असो. सव्वादोनला गाडी तिसऱ्या किकमध्ये सुरू झाली. निळा धूर, मग पांढरा, मग काहीच नाही, नुसता तो घरातल्या घड्याळासारखा टकटक आवाज. अण्णा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी आरसी बुक उशाखालून काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. मी म्हटलं, ''येतोय अण्णा, घेऊन येतोय.'' ते माझ्याकडे बघून ''हां'' म्हणाले. पाच रविवारांनंतरचं पहिलं हां.

नांदेड ते लातूर दीडशे किलोमीटरच्या आतच. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर. टायरमध्ये हवा भरली, ब्रेक तपासले आणि निघालो. बॅटरी मेलेलीच होती, त्यामुळे हॉर्न नाही, इंडिकेटर नाही. हातानं वळणं दाखवत आणि म्हशींना तोंडानं 'हो हो' करत गेलो. रस्त्याच्या कडेला जागोजागी सोयाबीन वाळत घातलेलं, काळपट, पावसानं कोंब फुटलेलं. त्याच्यापासून गाडी लांबून काढावी लागत होती. एका ठिकाणी म्हातारी राखणीला बसली होती, तिच्यासाठी वेग कमी केला तर म्हणाली, ''जा बाबा, आता काय ऱ्हायलंय त्यात.'' अहमदपूरच्या पुढं गाडी भुक-भुक करून बंद पडली आणि माझ्या पोटात गोळा आला. उतरून हेडलाइट उघडायला घेतला आणि मग लक्षात आलं... पेट्रोल. कॉक रिझर्व्हवर केला, दुसऱ्या किकला सुरू! हे अण्णांना सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

अंधार पडायच्या आत लातूरला पोहोचलो. गल्लीत वळलो तेव्हा अण्णा दारात खुर्ची टाकून बसले होते. दाढी केलेली. आईनं सांगितलं, चार वाजल्यापासून तिथंच आहेत, आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हाच उठून उभे राहिले.

मी गाडी चालूच ठेवून स्टँडवर लावली. त्यांना ऐकायचं असेल असं वाटलं. ते काठी टेकत आले, सीटवरून हात फिरवला, हेडलाइटपाशी वाकून बघितलं. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. मी शब्द सुचवायला तोंड उघडलं आणि मिटलं.

अण्णांनी डावा हात पुढं करून चावी ऑफ केली. इंजिन थांबलं. ते क्षणभर तसेच उभे राहिले, मग चावी ऑन केली, माझ्याकडे बघितलं आणि किककडे बोट दाखवलं. मी किक मारली. सुरू. त्यांनी परत बंद केली. परत बोट. असं तीन वेळा. वायरमन माणूस, लहानपणी घरातला साधा बल्ब बदलायचा तरी आधी बंद आहे का बघितल्याशिवाय त्यांनी कधी हात लावला नव्हता.

तिसऱ्यांदा बंद झाल्यावर त्यांनी चावी काढून खिशात टाकली. सोमवारी आरटीओत त्यांनाही यायचं होतं.